अमेरिकेने लपवलेला शब्द आणि आपल्या घटनेतील कलम १७

महात्मा जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि तो अर्पण केला सातासमुद्रापलीकडच्या अमेरिकेतील सज्जन लोकांना. गुलामांच्या मुक्तीसाठी त्यांनी केलेल्या त्यागाबद्दल! आपल्या अनेक घरांत हे पुस्तक आहे, पण अर्पणपत्रिकेचे पान आपण भरभर उलटतो. नरडाण्याला एमआयडीसीत पाळी करून घरी आलेला आमचा बांधव विचारील, अमेरिकेचा आणि आमचा संबंध काय? वाचक बंधू-भगिनींनो, संबंध फार जवळचा आहे.

४ जुलै १७७६ रोजी अमेरिकेने इंग्रजांविरुद्ध स्वातंत्र्याचा जाहीरनामा काढला. सर्व माणसे जन्मतः समान, असे त्यात ठासून सांगितले. हा जाहीरनामा लिहिणारा थॉमस जेफरसन. त्याच्या स्वतःच्या मळ्यांवर शेकडो काळे गुलाम राबत होते! समतेचे शब्द कागदावर आणि चाबूक शेतावर. आपल्याकडे ‘सर्वांभूती एकच आत्मा’ सांगणाऱ्यांनी पाणवठा वेगळा ठेवला, त्यातलाच हा प्रकार.

पुढे १७८७ साली फिलाडेल्फिया शहरात त्यांची राज्यघटना तयार झाली. ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. गुलामगिरीची सोय तीत ठिकठिकाणी केली आहे, पण ‘गुलाम’ हा शब्द कुठेच नाही. ‘इतर व्यक्ती’, ‘कामास बांधलेली व्यक्ती’ अशा आडवळणाने लिहिले आहे. घटना करणाऱ्यांना लाज होती, पण सोडण्याची तयारी नव्हती. प्रतिनिधिगृहातील जागा लोकसंख्येवर ठरायच्या, तेव्हा पाच गुलामांची तीन माणसे धरावीत असा हिशेब बसवला. गुलामाला मत नाही, पण त्याच्या डोक्यावर मालकाच्या राज्याला जागा जास्त! एका राज्यातून पळालेला गुलाम दुसऱ्या राज्यात सापडला तर मालकाला परत द्यावा, असेही कलम होते. कोंडवाड्यातले गुरू मालक सोडवून नेतो, तसे. आणि आफ्रिकेतून माणसे आणण्याचा धंदा १८०८ पर्यंत बंद करायचा नाही, हेही ठरले.

धर्माच्या बाबतीत मात्र त्या लोकांनी मोठे काम केले, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. व्हर्जिनिया राज्याने १७८६ साली कायदा करून धर्माची सक्ती उठवली. पुढे १७९१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने देशाच्या संसदेला कोणताही धर्म सरकारी करण्यास मनाई केली. त्याच काळातला थॉमस पेन हा धर्मग्रंथांचीही बुद्धीने झडती घेणारा लेखक. त्याचे ‘राइट्स ऑफ मॅन’ तरुण जोतीरावांनी वाचले होते.

लपवलेल्या शब्दाची किंमत अमेरिकेने रक्ताने चुकवली. १८५७ साली ड्रेड स्कॉट नावाचा गुलाम स्वातंत्र्य मागायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. न्यायालयाने सांगितले की काळा माणूस या देशाचा नागरिकच होऊ शकत नाही. चार वर्षांनी यादवी युद्ध पेटले आणि त्यात सहा लाखांहून अधिक सैनिक मेले. १८६५ च्या तेराव्या दुरुस्तीत ‘गुलामगिरी’ हा शब्द घटनेत पहिल्यांदा आला, तो तिला बंद करण्यासाठी. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने कायद्याचे समान संरक्षण दिले. जोतीरावांचे अर्पण या घटनांनंतर अवघ्या काही वर्षांतले आहे. पुण्यात बसून ते किती दूरवर पाहत होते!

परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. १९४७ साली ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ लिहिताना, काळ्या लोकांच्या संरक्षणासाठी अमेरिकेने केलेल्या १८६६ आणि १८७५ च्या कायद्यांचा आधार घेतल्याचे त्यांनी स्वतः नोंदवले. त्यातला १८७५ चा कायदा अमेरिकेच्याच न्यायालयाने १८८३ साली मोडीत काढला होता. म्हणजे हक्क साध्या कायद्यात ठेवून भागत नाही, तो घटनेत पक्का बसवावा लागतो.

आता आपली घटना उघडा. कलम १७ मध्ये ‘अस्पृश्यता’ हा शब्द सरळ लिहिला आहे, आणि ती नष्ट केल्याचे सांगून तिचे आचरण गुन्हा ठरवला आहे. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी घटना समितीने ते मंजूर केले. कलम १५ मध्ये विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते, दुकाने, हॉटेले यांची नावे घेतली आहेत. कोणत्या ठिकाणी आपल्याला अडवतात ते ठाऊक असलेल्या माणसाचा हात त्यात दिसतो. कलम २३ मध्ये वेठबिगारीला बंदी आहे. वतनाच्या नावाखाली आपल्या आजोबा-पणजोबांनी गावकीची किती वेठ केली, ते घरातल्या म्हाताऱ्यांना विचारा.

कलम २५ ने धर्माचे स्वातंत्र्य दिले आणि १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला आपण ते वापरले. पण त्याचा दंडही भरला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असावा अशी अट होती. बौद्ध लिहिले की केंद्राच्या सवलती गेल्या. महाराष्ट्राने राज्यापुरत्या सवलती दिल्या, पण रेल्वे, पोस्ट, बँक यांच्या अर्जावर पोरांना जुना धर्म लिहावा लागे, नाहीतर जागा सोडावी लागे. एका हाताने धर्मस्वातंत्र्य आणि दुसऱ्या हाताने दंड! १९९० साली कायदा दुरुस्त होऊन बौद्धांचा त्यात समावेश झाला. चौतीस वर्षे गेली. तेवढ्यात एक पिढी नोकरीच्या वयाबाहेर गेली.

म्हणून माता-भगिनींना आमचे सांगणे आहे. शाळेत नाव घालताना, दाखला काढताना आणि जनगणनेच्या वेळी धर्माच्या रकान्यात काय लिहिले जाते ते स्वतः पाहा. लिहिणारा घाईत असतो, विचारल्याशिवाय ‘हिंदू’ लिहून मोकळा होतो.

३१ जुलै १९३७ रोजी बाबासाहेब धुळ्यास कोर्टाच्या कामासाठी आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दरवर्षी त्या दिवशी तिथे भीमस्मृती यात्रा भरते. नरडाण्याहून आग्रा रोडने धुळे ओलांडून पुढे गेले की लळिंगचा किल्ला दिसतो. यंदा जाल तेव्हा मुलांच्या पिशवीत घटनेची लहान प्रत असू द्या, आणि कलम १७ त्यांनाच मोठ्याने वाचायला सांगा. अवघ्या दोन-तीन ओळींचे आहे.