खडकवासला ते सिंहगड: खरी परीक्षा उतारावर

आजचा रूट पुणेकरांचा लाडका. खडकवासल्याच्या पाण्याकडेने डोणज्याला जायचं आणि तिथून सिंहगडाचा घाट चढायचा. गड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर उंच.

धरणाकडेचा रस्ता बऱ्यापैकी सपाट, वारा गार. इथे जोर मारायचा मोह होतो, पण दम घाटासाठी राखा. चढावर हलका गिअर टाका, बोलता येईल इतक्याच वेगाने चढा.

वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही खाल्लं की वाटतं, झालं आता! मलाही तसंच वाटलं होतं. उतरताना वळणात घाबरून ब्रेक करकचून दाबले आणि मागचं चाक घसरलं. कोपर सोललं. समोरून जीप येत नव्हती, म्हणून वाचलो.

कारण साधं आहे. टायरची पकड मर्यादित असते. वळताना ती वळण्यातच खर्च होते, ब्रेकसाठी फारशी उरत नाही. शिवाय रिम ब्रेक सतत धरून ठेवले की रिम तापते. म्हणून वेग वळणाआधीच कमी करा, दोन्ही ब्रेक वापरा, सरळ रस्त्यावर मधूनमधून सोडा.

रविवारी जाताय? उजाडताच निघा, हेल्मेट घाला. आणि हो, घाटात इअरफोन नको. आपला एपिसोड घरी येऊन ऐका!