निन्टेन्डो ६४ ची काडी आतून कशी असते?

रविवारी काकांनी जपानहून आणलेला निन्टेन्डो ६४ या व्हिडिओ गेम यंत्राचा कंट्रोलर पहिल्यांदाच उघडला. मधल्या काडीच्या तळाशी काय दिसलं? जुन्या गोळीवाल्या माउसमध्ये असायच्या तशाच दोन छोट्या चक्र्या!

हे यंत्र निन्टेन्डोने नोव्हेंबर १९९५ मध्ये जपानमधल्या 'शोशिनकाई' या व्यापारी प्रदर्शनात दाखवलं. तिथे लोकांनी 'सुपर मारिओ ६४' खेळून पाहिला. काडी थोडी झुकवली की मारिओ हळू चालतो, पूर्ण झुकवली की धावतो. माझ्या मते त्या प्रदर्शनातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आता यामागचं तंत्र. दोन्ही चक्र्यांना बारीक फटी असतात. एका बाजूला प्रकाश, दुसऱ्या बाजूला सेन्सर. काडी हलली की चक्री फिरते, प्रकाश तुटत-जुळत जातो आणि कंट्रोलर ते ठोके मोजतो. एक चक्री आडव्या हालचालीसाठी, दुसरी उभ्या.

म्हणजे काडी 'कुठे आहे' हे कंट्रोलरला थेट कळत नाही, 'किती सरकली' एवढंच कळतं. म्हणून यंत्र सुरू करताना काडीला हात लावू नका! तेव्हा ती जिथे असेल तोच मध्य धरला जातो. चुकलंच तर एल, आर आणि स्टार्ट एकत्र दाबा, मध्य पुन्हा ठरतो.

कोणाकडे असा कंट्रोलर असेल आणि उघडायचा असेल, तर विचारा. जमेल तेवढं सांगेन.