परक्यांनी वसवलेल्या राजधान्या : हेलसिंकी आणि रायपूर

१८१२ साली रशियाचा झार पहिला अलेक्झांडर याने फिनलंडची राजधानी तुर्कूहून हेलसिंकीला हलवली. त्यानंतर सहाच वर्षांनी, १८१८ साली, ईस्ट इंडिया कंपनीच्या अधिकाऱ्यांनी छत्तीसगडच्या कारभाराचं ठाणं रतनपूरहून रायपूरला आणलं. या दोन शहरांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही. एक बाल्टिक समुद्राच्या काठी हिमात गोठणारं, दुसरं खारून नदीच्या काठी उन्हाळ्यात भाजून निघणारं. पण दोन्ही शहरांना राजधानीपण दिलं ते परक्या सत्तेने, आणि पुढे त्याच शहरांतून तिथल्या लोकांनी आपली ओळख उभी केली. हा प्रवास फिनलंडने कसा केला, हे रायपूरकरांनी, त्यातही रायपूरच्या मराठी माणसांनी, समजून घ्यायला हवं. कारण छत्तीसगडच्या इतिहासातल्या परक्या सत्तांपैकी एक सत्ता आपली होती.

झारचं शहर

फिनलंडवर सहा शतकांहून अधिक काळ स्वीडनचं राज्य होतं. हेलसिंकीसमोरच्या बेटांवरचा प्रचंड किल्ला स्वीडननेच १७४८मध्ये बांधायला घेतला. १८०८मध्ये तो रशियाच्या हाती पडला आणि पुढच्या वर्षी फिनलंड झारच्या अंमलाखालची स्वायत्त ग्रँड डची बनली. तुर्कू स्वीडनच्या फार जवळ होतं, म्हणून नव्या मालकांनी पूर्वेकडचं छोटं हेलसिंकी निवडलं. १८०८च्या आगीत ते जवळजवळ भस्म झालेलं होतं. नव्या शहराचा आराखडा एरनस्ट्रोम यांनी आखला आणि इमारती उभारण्यासाठी बर्लिनमध्ये जन्मलेले कार्ल लुडविग एंगेल आले. सेनेट, विद्यापीठ, ग्रंथालय आणि टेकडीवरचं पांढरंशुभ्र कॅथीड्रल हे एंगेल यांचं काम. कॅथीड्रल १८५२मध्ये पुरं झालं, तेव्हा एंगेल यांना जाऊन बारा वर्षं झाली होती. पिवळसर भिंती, पांढरे खांब, सरळ रेषेतले रस्ते यांचा नमुना सेंट पीटर्सबर्गचा होता. १८६८मध्ये लाल विटांचं, सोनेरी घुमटांचं उस्पेन्स्की कॅथीड्रल उभं राहिलं. त्याच्या विटा क्रिमियन युद्धात उद्ध्वस्त झालेल्या बोमारसुंड किल्ल्यातून आणल्या होत्या.

म्हणजे फिनलंडच्या राजधानीचा चेहरा जर्मन वास्तुकाराने, रशियन झारच्या इच्छेनुसार, स्वीडिश वारशाच्या भूमीवर घडवला. त्यात फिन्निश असं फारसं काही नव्हतं.

नागपूरकर भोसल्यांचं छत्तीसगड

छत्तीसगडची कथा याहून जुन्या दगडांपासून सुरू होते. रतनपूरच्या कलचुरी राजांची एक शाखा चौदाव्या शतकाच्या अखेरीला रायपूर भागात स्थिरावली. खारूनच्या काठी महादेव घाटावरचं हाटकेश्वर मंदिर १४०२च्या शिलालेखामुळे या शाखेच्या काळातलं ठरतं. १४१५चा खल्लारीचा शिलालेख तर विलक्षण आहे. देवपाल नावाच्या चर्मकाराने नारायणाचं मंदिर बांधलं, याची त्यात नोंद आहे. कलचुरींच्या लेखांचं प्रमाणभूत संपादन केलं नागपूरच्या महामहोपाध्याय वासुदेव विष्णु मिराशी यांनी. मराठी विद्वत्तेने छत्तीसगडला दिलेली ही फार मोठी देणगी आहे.

मराठी तलवारीने दिलेलं मात्र वेगळं होतं. १७४१मध्ये नागपूरकर भोसल्यांचे सेनापती भास्करपंत कोल्हटकर पूर्वेकडच्या स्वारीवर निघाले आणि वाटेत रतनपूर त्यांनी जिंकलं. पहिल्या रघूजींचे धाकटे पुत्र बिंबाजी भोसले यांनी १७५८ ते १७८७ रतनपुरातून कारभार पाहिला. रायपूरच्या कलचुरी घराण्याचा वारस शिवराजसिंह याच्या वाट्याला अखेर पाच गावं उरली. बिंबाजी इथेच राहिले आणि इथल्या मातीत मिसळले. रतनपूरच्या टेकडीवर त्यांनी राममंदिर बांधलं. ती टेकडी आज रामटेकरी म्हणून ओळखली जाते, आणि नागपूरजवळच्या रामटेकाची आठवण कुणालाही व्हावी. दरबारात मराठी आणि मोडी आली. दसऱ्याला सोनं वाटण्याची प्रथाही त्यांच्याच काळापासूनची मानतात. रायपूरच्या दूधाधारी मठातलं राममंदिरही भोसल्यांच्या आश्रयाने उभं राहिलं. तिथली जुनी भित्तिचित्रं पाहताना मराठा काळाचं वळण ओळखू येतं.

बिंबाजींनंतर चित्र पालटलं. १७८७ ते १८१८ या तीन दशकांत नागपूरहून सुभेदार नेमले गेले. विठ्ठलराव दिनकर यांनी परगण्यांची व्यवस्था लावली, ती पुढे इंग्रजांनाही उपयोगी पडली. पण सुभेदारीचा मुख्य हेतू नागपूरला पैसा पोचवणं हाच राहिला. राजे दूर, सुभेदार तात्पुरता आणि रयत पिळलेली, अशी ती राजवट होती. पेंढाऱ्यांचा उपद्रव सोसावा लागला तोही याच वर्षांत. मंदिरांचं श्रेय घ्यायचं आणि वसुलीचा उल्लेख टाळायचा, हे आपल्याला शोभणारं नाही. शनिवारवाड्याचा अभिमान ज्या मनाने बाळगतो, त्याच मनाने हेही मान्य केलं पाहिजे की छत्तीसगडच्या शेतकऱ्याला नागपूरचा सुभेदार परकाच वाटला असणार.

राणीचा दरवाजा

इंग्रजांशी झालेल्या सीताबर्डीच्या लढाईनंतर भोसल्यांचा कारभार इंग्रज रेसिडेंट जेंकिन्स यांच्या हाती गेला. त्यांच्या हाताखाली कर्नल अॅग्न्यू यांनी रायपुरातून छत्तीसगड चालवलं. १८३०मध्ये प्रदेश तिसऱ्या रघूजींकडे परत आला, पण १८५३मध्ये ते निपुत्रिक वारले आणि १८५४मध्ये गव्हर्नर जनरल डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. रायपूर आता थेट कंपनीचं झालं.

त्यानंतर तीनच वर्षांनी याच शहराने मोठी किंमत मोजली. सोनाखानचे बिंझवार आदिवासी जमीनदार नारायणसिंह यांनी १८५६च्या दुष्काळात एका व्यापाऱ्याचं कोठार उघडून भुकेल्यांना धान्य वाटलं. अटक, सुटका, पुन्हा लढा आणि १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी. पुढच्या महिन्यात, १८ जानेवारी १८५८ला, फौजेतल्या हनुमानसिंह यांनी उठाव केला. ते निसटले, पण त्यांच्या सतरा साथीदारांना फासावर चढवलं गेलं. आजचा जयस्तंभ चौक हे वीर नारायणसिंहांच्या बलिदानाचं ठिकाण मानलं जातं.

त्याच चौकाजवळ, रवी भवन या बाजार संकुलात, १८७७चा कैसर-ए-हिंद दरवाजा उभा आहे. राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी घोषित केलं, त्याची ही खूण. हुतात्म्याची जागा आणि सम्राज्ञीची कमान एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. रायपूरचं सगळं एकोणिसावं शतक तिथे एकवटलं आहे. तरी गाळ्यांच्या आणि पाट्यांच्या गर्दीत खरेदीला येणारे बहुतेक लोक कमानीकडे मान वर करूनही बघत नाहीत.

इंग्रजी काळातल्या बाकीच्या वास्तूही अशाच विखुरल्या आहेत. राजनांदगावचे राजे महंत घासीदास यांच्या देणगीतून १८७५मध्ये उभं राहिलेलं अष्टकोनी अजायबघर हे देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. संग्रहालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन १९५३मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झालं आणि जुन्या अष्टकोनात कलादालन आलं. व्हिक्टोरियाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त बांधलेला टाउन हॉल १८९०मध्ये खुला झाला. संस्थानिकांच्या मुलांसाठी जबलपुरात १८८२मध्ये सुरू झालेलं राजकुमार कॉलेज १८९४मध्ये रायपुरात आलं. साम्राज्याला आज्ञाधारक राजे हवे होते, म्हणून ही शाळा हवी होती.

ग्रॅनाइट आणि व्याकरण

फिनलंडची स्वतःची ओळख इमारतीआधी भाषेतून उगवली. एलियास लोन्रोट यांनी खेड्यापाड्यांतली लोकगीतं गोळा करून १८३५मध्ये 'कालेवाला' हे महाकाव्य प्रसिद्ध केलं. सुशिक्षितांची भाषा स्वीडिश, मालकांची रशियन आणि शेतकऱ्यांची फिन्निश, अशा देशात शेतकऱ्यांच्या भाषेला या ग्रंथाने उभं केलं. १८६३मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरने फिन्निशला कारभाराची भाषा करण्याचा मार्ग मोकळा केला. पुढे दुसऱ्या निकोलसने १८९९मध्ये स्वायत्ततेवर घाला घातला, तेव्हा लोकांनी सेनेट चौकातल्या दुसऱ्या अलेक्झांडरच्या पुतळ्यापाशी फुलांचे ढीग रचले. एका झारचा निषेध दुसऱ्या झारच्या पायाशी झाला.

याच संतापातून नवी वास्तुकला जन्मली. १९००च्या पॅरिस प्रदर्शनात गेसेलियस, लिंडग्रेन आणि सारिनेन या तरुण त्रयीने फिनलंडचं दालन उभारलं. पुढे देशी ग्रॅनाइट, मध्ययुगीन चर्चची वळणं, अस्वलं आणि जंगलातल्या वनस्पती कोरलेले दगड यांनी हेलसिंकीचं राष्ट्रीय संग्रहालय सजलं. ६ डिसेंबर १९१७ला देश स्वतंत्र झाला आणि १९३१मध्ये लाल ग्रॅनाइटचं संसदभवन उभं राहिलं.

छत्तीसगडातही भाषेची पायाभरणी अशीच एका माणसाच्या चिकाटीने झाली. धमतरीचे शिक्षक हीरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५मध्ये छत्तीसगडीचं व्याकरण लिहिलं. भाषाशास्त्रज्ञ ग्रिअर्सन यांनी त्याचं इंग्रजी रूप १८९०मध्ये प्रसिद्ध केलं. १९००च्या जानेवारीत माधवराव सप्रे यांनी पेंड्र्याहून 'छत्तीसगड मित्र' हे हिंदी मासिक काढलं. वामनराव लाखे त्यांच्या बरोबर होते. सप्रे मराठी घरातले. त्यांनी समर्थांचा 'दासबोध' आणि टिळकांचं 'गीतारहस्य' हिंदीत नेलं, आणि १९२६मध्ये रायपुरातच देह ठेवला. सुभेदारांनी छत्तीसगडातून नेलं. सप्रे-लाखे यांच्या पिढीने छत्तीसगडला दिलं. रायपूरच्या मराठी माणसाने वारसा सांगायचा तर तो या पिढीचा सांगावा.

नवी राजधानी

१ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि रायपूर राजधानी बनलं. शहराच्या आग्नेयेला नवं रायपूर आखलं गेलं, २०१२मध्ये मंत्रालय तिथे गेलं. २००६मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलाम यांनी पुरखौती मुक्तांगणाचं उद्घाटन केलं. तिथे बस्तरची घरं, देवगुडी, नाच आणि कारागिरी यांना जागा मिळाली. २०२५च्या राज्योत्सवात नव्या विधानभवनाचं उद्घाटन झालं. सभागृहाच्या छतावर धानाच्या लोंब्या आहेत, दारांवर बस्तरच्या कारागिरांचा हात फिरला आहे. धानाच्या प्रदेशाने आपलं पीक विधिमंडळाच्या डोक्यावर धरलं, यात फिनलंडच्या ग्रॅनाइटचाच अभिमान दिसतो. त्याच दिवशी शहीद वीर नारायणसिंह यांच्या नावाने आदिवासी स्वातंत्र्यसैनिकांचं संग्रहालयही खुलं झालं.

नवं उभारण्यात छत्तीसगड मागे नाही. उणीव आहे ती जुन्याच्या सांभाळात. हेलसिंकीच्या बाजारचौकात १८३५चा एक स्तंभ आहे. रशियन सम्राज्ञीच्या भेटीची ती आठवण, टोकावर दोन तोंडांचा गरुड. १९१७च्या क्रांतीत खलाशांनी गरुड उतरवला. स्वतंत्र फिनलंडने १९७१मध्ये तो पुन्हा जागेवर बसवला. झारवरच्या प्रेमाने नव्हे, आत्मविश्वासाने. पोलंडनेही त्याच साम्राज्याचा जाच सोसला होता, आणि वॉर्सामधलं रशियन कॅथीड्रल त्यांनी १९२०च्या दशकात पाडलं. त्या जखमेसमोर तो रागही समजण्यासारखा आहे. पण पाडण्यात आणि जपण्यात निदान निर्णय असतो. रायपूरचा दरवाजा पाडलाही नाही आणि जपलाही नाही, तो फक्त झाकला गेला.

आपण काय करावं

कैसर-ए-हिंद दरवाजा मोकळा करावा आणि त्याच्याशेजारी हिंदी, छत्तीसगडी आणि इंग्रजीत फलक लावावा. त्यावर १८७७ची सम्राज्ञी असावी आणि १८५७चे नारायणसिंहही असावेत. दूधाधारी मठाची भित्तिचित्रं तज्ज्ञांकडून नोंदवून घ्यावीत, रंगरंगोटीत ती नाहीशी होण्याआधी. रतनपूरच्या रामटेकरीवर बिंबाजींचं कर्तृत्व सांगावं आणि सुभेदारीच्या काळाची हकीकतही लिहावी.

या कामात रायपूरच्या मराठी समाजाने पुढे व्हावं. १९३५पासूनचं महाराष्ट्र मंडळ इथे आहे, मोडी वाचणारे हात महाराष्ट्रात अजून आहेत. घराघरांत जुनी मोडी कागदपत्रं, सनदा, वाड्यांचे फोटो असतील तर ते बाहेर काढा, नोंदवा, संग्रहालयाला दाखवा. तीन पिढ्या ज्या मातीने आपल्याला पोसलं, तिचा इतिहास पूर्ण लिहिला जावा यासाठी आपल्या घरातला पुरावा देणं, हे आपलं देणं आहे.