काचेमागचे पाणी : मत्स्यालये, नद्या आणि समुद्ररक्षणाविषयीचे गैरसमज

महाराष्ट्रभरातून मुंबईला येणाऱ्या शाळांच्या सहलींत अनेक दशके एक ठिकाण ठरलेले असे, ते म्हणजे चर्नी रोड स्थानकाजवळचे, मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालय. एका पारशी दात्याच्या देणगीचा हातभार लागून उभे राहिलेले आणि १९५१ मध्ये खुले झालेले हे मत्स्यालय राज्याच्या मत्स्यव्यवसाय विभागाकडे आहे. २०१५ मध्ये नूतनीकरणानंतर तेथे पारदर्शक ॲक्रिलिकचा बोगदा आला, आणि २०२० मध्ये करोनाच्या साथीत बंद झालेली त्याची दारे पुढे दीर्घकाळ बंदच राहिली. अशा संस्थेचे दार मिटले की सहलीचे एक ठिकाण कमी झाले, एवढीच नोंद समाजात सहसा होते. मत्स्यालय म्हणजे रंगीत माशांचे प्रदर्शन, हा समज इतका रुळलेला आहे की त्या काचेमागे काम करणारी माणसे नेमके काय करतात, याचा विचार क्वचितच केला जातो.

वस्तुस्थिती अशी, की मत्स्यालयातील माणसांचा दिवस माशांपेक्षा पाण्यावर अधिक खर्च होतो. मासे आपल्या चयापचयातील टाकाऊ नत्र मुख्यतः अमोनियाच्या रूपात कल्ल्यांवाटे पाण्यात सोडतात. खुल्या समुद्रात हा अमोनिया विरळ होऊन जातो. बंदिस्त टाकीत मात्र तो साठत जातो आणि थोड्या प्रमाणातही माशांचे कल्ले जाळू लागतो. त्यावरचा उपाय जिवाणूंकडे असतो. जिवाणूंचा एक गट अमोनियाचे नायट्राइटमध्ये रूपांतर करतो, दुसरा नायट्राइटचे नायट्रेटमध्ये, आणि नायट्रेट हे तुलनेने कमी घातक असते. हे जिवाणू वाळूवर, खडीवर किंवा मुद्दाम बसवलेल्या छिद्रमय माध्यमावर वस्ती करतात. या व्यवस्थेला जैविक गाळणी म्हणतात. नव्या टाकीत ही वस्ती स्थिरावण्यास काही आठवडे लागतात, आणि तोवर तेथे भरपूर मासे सोडणे म्हणजे त्यांना मरणाच्या दारी नेऊन ठेवणे होय. याखेरीज समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सरासरी ३५ ग्रॅम क्षार असतात. ते प्रमाण, तापमान, विरघळलेला प्राणवायू आणि आम्लता रोज तपासावी लागते, आणि पावसाळ्यात खाड्यांतून येणाऱ्या गोड्या, गढूळ पाण्यामुळे किनाऱ्यालगतच्या समुद्राचे हे गणित बदलते, तेव्हा किनाऱ्यावरच्या मत्स्यालयाची जबाबदारी आणखी वाढते.

ही सगळी विद्या समुद्रापुरती मर्यादित नाही, आणि पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक पट्ट्यासाठी महत्त्वाचा मुद्दा नेमका येथे आहे. भोसरी किंवा चाकणच्या औद्योगिक वसाहतीतील सांडपाणी प्रक्रिया प्रकल्पात, म्हणजे कामगारांच्या भाषेत ईटीपीमध्ये, जो कर्मचारी हवा सोडण्याचे ब्लोअर चालू आहेत की नाहीत हे पाहतो, तो बऱ्याच अंशी मत्स्यालयातील कर्मचाऱ्याचेच काम करत असतो; शहराच्या मैलापाणी शुद्धीकरण केंद्रातही अमोनियाचे रूपांतर घडवणारे जिवाणू त्याच घराण्यातले असतात. धातूंवर मुलामा चढवणाऱ्या प्लेटिंगच्या उद्योगांसाठी तर मत्स्यालयांचा एक अनुभव विशेष बोलका आहे. समुद्री माशांच्या त्वचेवरील परजीवींवर उपचार म्हणून पाण्यात तांब्याचा क्षार मिसळतात, तेव्हा ते प्रमाण लिटरमागे साधारणतः ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम इतके अल्प ठेवतात, आणि तरीही कोळंबी, शिंपले, प्रवाळ यांसारखे अपृष्ठवंशी, म्हणजे पाठीचा कणा नसलेले, जीव त्या टाकीतून आधी हलवावे लागतात, कारण एवढे तांबेही त्यांना सोसत नाही. डोळ्यांना स्वच्छ दिसणारे पाणी सजीवांसाठी स्वच्छ असतेच असे नाही, ही गोष्ट मत्स्यालयाइतक्या स्पष्टपणे दुसरी कोणतीही सार्वजनिक संस्था दाखवू शकत नाही.

दुसरा गैरसमज भूगोलाचा आहे. औद्योगिक पट्टा घाटमाथ्याच्या पूर्वेला आहे, समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे आहे, तेव्हा समुद्ररक्षण ही कोकणाची जबाबदारी, असे येथे सहज गृहीत धरले जाते. नद्यांचा प्रवास याच्या उलट साक्ष देतो. रावेत, चिंचवड, पिंपरी असे वळण घेत पवना दापोडीजवळ मुळेला मिळते. मुळा पुण्यात मुठेला मिळते आणि मुळा-मुठा पुढे भीमेत जाते. देहू, मोशी, आळंदी या मार्गाने वाहणारी इंद्रायणी तुळापूरला भीमेस मिळते, आणि इंद्रायणी व भामा या दोन नद्यांच्या दरम्यान वसलेल्या चाकणचे पाणीही अखेर भीमेकडेच उतरते. भीमा उजनी आणि पंढरपूर मागे टाकून रायचूरच्या परिसरात कृष्णेला मिळते, आणि कृष्णा आंध्र प्रदेशात हंसलदीवीजवळ बंगालच्या उपसागरात विलीन होते. त्या मुखाशी खारफुटीचे अभयारण्य आहे आणि तेथील किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालतात. कोकणात वेळासला ज्यांच्या पिल्लांना पाहण्यासाठी पुण्या-पिंपरीची माणसे जातात, त्याच जातीची ही कासवे होत. इतकेच नव्हे, तर या नद्यांच्या उगमाकडील काही पाणी पश्चिमेलाही जाते. लोणावळ्याजवळील वळवणसारख्या तलावांचे पाणी १९१५ पासून वीजनिर्मितीसाठी खोपोलीकडे उतरवले जाते व पाताळगंगेत मिसळते, तर मुळशीचे पाणी भिरा येथून कुंडलिकेत जाते. म्हणजे हा पट्टा ज्या नद्यांवर जगतो, त्यांचे पाणी दोन्ही समुद्रांपर्यंत पोहोचते.

नदी कारखान्यांमुळेच बिघडते, हा समज नागरिकांना सोयीचा असला तरी पुरता खरा नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातील ३११ प्रदूषित नदीपट्टे नोंदवले, त्यांपैकी ५५ महाराष्ट्रात होते, म्हणजे कोणत्याही राज्यापेक्षा अधिक. पवना, इंद्रायणी, मुळा, मुळा-मुठा आणि भीमा यांची नावे त्या यादीत आहेत. अशा नोंदींचा आधार असतो तो जैविक प्राणवायू मागणीचा, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात, याच्या मोजमापाचा. स्नानयोग्य पाण्यात ही मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक नसावी आणि विरघळलेला प्राणवायू किमान ५ मिलिग्रॅम असावा, असा निकष आहे. ही मागणी वाढवण्यात घराघरांतून येणाऱ्या, प्रक्रिया न झालेल्या मैलापाण्याचा वाटा फार मोठा असतो. आळंदीला इंद्रायणीवर किंवा थेरगावच्या केजुबाई बंधाऱ्याखाली पवनेवर जो पांढरा फेस तरंगतो, त्यामागे साबण व डिटर्जंटमधील पृष्ठताण कमी करणारी द्रव्ये असतात. बंधाऱ्यावरून पाणी कोसळताना त्यात हवा घुसळली जाते आणि फेस उभा राहतो. ही द्रव्ये कारखान्यांच्या धुलाईतून येतात तशी घरच्या मोरीतूनही येतात. जलपर्णी यंत्राने काढली की नदी निर्मळ झाली, हीसुद्धा अशीच एक फसगत आहे, कारण जलपर्णी हे पाण्यात नत्र आणि स्फुरद अतोनात झाल्याचे लक्षण असून ते पोषण सुरू असेपर्यंत ती पुन्हा वाढणारच. उजनीच्या जलाशयातील हिरवट पाणी याच पोषणाचे फळ आहे.

मोटारनिर्मितीच्या पट्ट्याने एक गोष्ट विशेष लक्षात घ्यावी. वाहनाचे प्रदूषण धुराड्यातून, म्हणजे सायलेन्सरमधून, होते आणि विजेची गाडी आली की ते संपते, असे मानले जाते. परंतु टायर रस्त्यावर झिजताना सुटणारे रबराचे सूक्ष्म कण पावसाच्या पाण्याबरोबर नाल्यांत आणि नद्यांत जातात, आणि विजेच्या गाडीचे टायरही झिजतात. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात पावसानंतर ओढ्यांतील कोहो जातीचे सामन मासे मोठ्या संख्येने का मरतात, याचा छडा २०२० मध्ये लागला, तेव्हा टायर ओझोनपासून टिकावे म्हणून रबरात मिसळल्या जाणाऱ्या रसायनापासून बनणारे एक उपद्रव्य कारणीभूत ठरले. सगळ्याच माशांना ते तितके घातक नसते, परंतु निर्मितीच्या टेबलावर घेतलेला निर्णय नदीतल्या माशापर्यंत कसा पोहोचतो, हे त्यातून उघड झाले.

यानंतरचा गैरसमज सद्भावनेतून आलेला असल्यामुळे अधिक बारकाईने पाहण्याजोगा आहे : बंदिस्त जागी मासे वाढवावेत, नदी-समुद्रात सोडावेत, म्हणजे संवर्धन झाले. याचा धडा थेट इंद्रायणीच्या खोऱ्यातला आहे. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने पुण्याच्या पूर्वेकडील मुळा-मुठेतून मिळालेल्या ज्या महाशीर माशाचे शास्त्रीय वर्णन १८३९ मध्ये केले, तो दख्खनचा, निळसर पंखांचा महाशीर पुढे दुर्मिळ होत गेला, आणि १९७० च्या दशकापासून लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या वीज कंपनीने त्याचे कृत्रिम प्रजनन सुरू केले. प्रजननतंत्राच्या दृष्टीने हे काम मोलाचे ठरले, यात शंका नाही. परंतु तेथील बीज देशातील इतर नद्यांतही सोडले गेले, त्यांत कावेरीही होती. आणि कावेरीत, फक्त त्याच नदीच्या खोऱ्यात आढळणारा, पाठीवर उंचवटा असलेला नारिंगी पंखांचा महाशीर ओसरत गेला, तर बाहेरून आलेला निळसर पंखांचा महाशीर वाढत गेला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने हा बदल पकडींच्या नोंदींवरून दाखवून दिला, आणि तो मूळचा महाशीर २०१८ मध्ये अतिसंकटग्रस्त ठरला. एका नदीतला मासा दुसऱ्या नदीत परकाच असतो, हे विसरल्याची ही किंमत होती. याउलट देहूच्या डोहात माशांना अभय देण्याची वारकरी परिसरातील जुनी परंपरा माशाला त्याच्या स्वतःच्या पाण्यात राखते. अर्थात ते पाणीच बिघडले तर श्रद्धेचे कवचही अपुरे पडते.

म्हणून मत्स्यालयाने जीव वाढवून सोडूच नयेत, असा निष्कर्ष मात्र चुकीचा ठरेल. कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालय बंद पडलेल्या एका सार्डिन-डबाबंदी कारखान्याच्या जागी १९८४ मध्ये उभे राहिले. तेथील सार्डिनचा धंदा मासळी संपल्याने बुडाला होता. त्यासाठी पैसा देणारे डेव्हिड पॅकार्ड हे संगणक उद्योगातील अभियंते होते, आणि टाकीतील समुद्रशैवालाच्या जंगलाला लाटांची हालचाल मिळावी म्हणून त्यांनी लाटा निर्माण करणारे यंत्र स्वतः बेतले. या संस्थेने आईवेगळ्या झालेल्या समुद्री पाणमांजराच्या पिल्लांना मत्स्यालयातील माद्यांकडे दत्तक देऊन वाढवले आणि जवळच्याच एल्कहॉर्न स्लू या खाडीत सोडले. तेथे २००२ ते २०१६ या काळात पाणमांजरांची जी वाढ झाली, तिच्यातील निम्म्याहून अधिक वाटा या पिल्लांचा व त्यांच्या वंशजांचा होता, असे पुढे मोजणीतून सिद्ध झाले. हे जीव त्याच किनाऱ्याचे होते, आणि सोडल्यानंतर वर्षानुवर्षे त्यांचा माग ठेवला गेला. लोणावळ्याचे कौशल्य कमी नव्हते. सोडल्यानंतरच्या दीर्घ नोंदी आणि योग्य नदीची निवड या दोन गोष्टी तेथे उण्या पडल्या.

मोठे मत्स्यालय म्हणजे डॉल्फिनचे खेळ, ही कल्पना भारतात तरी बाद झाली आहे. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २०१३ मध्येच डॉल्फिनालयांना परवानगी देऊ नये असे राज्यांना कळवले. समुद्रघोडे आणि प्रवाळ २००१ पासून वन्यजीव कायद्याच्या संरक्षणाखाली आहेत, त्यामुळे घरच्या किंवा कार्यालयाच्या टाकीत ते हौसेने ठेवता येत नाहीत. घरी मासे पाळणाऱ्यांनी आणखी एक भान ठेवावे : गोड्या पाण्यातील शोभेचे बहुतेक मासे पैदास केलेले असतात, पण समुद्री शोभेचे मासे बहुतांशी थेट प्रवाळभित्तींवरून धरलेले असतात, आणि नकोसा झालेला मासा दया म्हणून पवनेत सोडणे ही दया नव्हे. १९५२ मध्ये भारतात आणलेला तिलापिया, म्हणजे उजनीकाठचा चिलापी, परका मासा जलाशय कसा व्यापून टाकतो हे रोज दाखवतो.

शेवटचा समज मासेबाजारातला आहे. समुद्र अथांग आहे, मासळी संपत नाही, महाग झाली ती दलालांमुळे, असे पिंपरीच्या बाजारातही ऐकू येते. राज्याने २०२३ मध्ये पापलेटला राज्यमासा घोषित केले आणि त्याच वर्षी ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून दिले, ते मासळी कमी होत असल्यामुळेच. तळहाताएवढे होण्याआधीच जाळ्यात आलेले पापलेट एकदाही अंडी न घालता बाजारात येते, आणि अशा पिल्लांची घट पुढच्या हंगामात दामदुपटीने वसूल होते. १ जून ते ३१ जुलै ही मासेमारीबंदीही प्रजननाच्या हंगामासाठीच आहे. मॉन्टेरेच्या मत्स्यालयाने १९९९ पासून कोणती मासळी घ्यावी आणि कोणती टाळावी, याची हिरव्या-पिवळ्या-लाल रंगांतील मार्गदर्शिका ग्राहकांच्या हाती दिली. मत्स्यव्यवसाय विभागाच्याच अखत्यारीतील तारापोरवाला मत्स्यालय पुन्हा उभे राहील तेव्हा पापलेट, सुरमई, घोळ यांची खरी लांबी दाखवणारी पट्टी प्रवेशद्वारापाशी लावणे त्याला अवघड नाही. समुद्री जीव राखण्याच्या बाबतीत समुद्राशी झुंजणारे कोळी ग्राहकांच्या पुढे आहेत. २००१ मध्ये कायद्याचे संरक्षण मिळालेला देवमुशी हा जगातील सर्वांत मोठा मासा, तसेच कासव किंवा डॉल्फिन जाळ्यात अडकल्यास, जाळे कापून तो जीव जिवंत सोडणाऱ्या मच्छीमाराला २०१८ च्या अखेरीपासून राज्य शासन २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते, आणि तिचा लाभ घेऊन कित्येकांनी आपली जाळी कापली आहेत.