डायनामो किती ओझं ओढतो?

वऱ्हाडातल्या गॅरेजांत अल्टरनेटरला अजूनही सर्रास 'डायनामो'च म्हणतात. पूर्वीच्या गाड्यांत खरोखरच डायनामो असे. गाडी रेंगाळली की त्याची वीज आटायची. १९६०मध्ये अमेरिकेतल्या क्रायस्लरने व्हॅलियंट मोटारीत अल्टरनेटर दिला, कारण सिलिकॉनचे डायोड तोवर आवाक्यात आले होते. डायनामो भंगारात गेला, नाव तेवढं मागे राहिलं.

या यंत्राचं मूळ काम बॅटरी भरणं आणि दिवे, पंखा, डिझेलचा पंप चालवणं. पण राज्याने २०२१मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, आणि व्हॅनमध्ये पलंग, फ्रीज, पंखे टाकून मेळघाटाकडे निघायची कल्पना आता तितकी वेडगळ वाटत नाही. मग प्रश्न येतो: चालत्या गाडीवर हा संसार चालेल का?

चालेल, फुकट मात्र नाही. इंजिनाचा पट्टा अल्टरनेटरचा रोटर फिरवतो. रोटरच्या वेटोळ्यात थोडा प्रवाह सोडून त्याचा चुंबक केलेला असतो. तो फिरला की भोवतीच्या तारांत वीज उपजते, डायोड ती एकाच दिशेला वळवतात आणि रेग्युलेटर दाब १४ व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो. मागे फ्रीज सुरू झाला की रेग्युलेटर चुंबक बळकट करतो, रोटर जड होतो आणि पट्ट्याला जोर लावावा लागतो. लिटरभर डिझेलमध्ये सुमारे १० युनिट ऊर्जा असते. इंजिन तिचा जेमतेम तिसरा हिस्सा कामी आणतं, अल्टरनेटर त्याच्या निम्म्याहून थोड्या अधिकाची वीज करतो. हाती लागतात दोन युनिटांच्या आत. महावितरणचं बिल यापुढे मायाळू वाटावं!

आता अमरावती-अकोला रस्ता घ्या. जून २०२२मध्ये लोणी ते माना या पट्ट्यात १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर टाकून गिनीज विक्रम झाला, तोच हा महामार्ग. अशा सपाट रस्त्यावर इंजिन एका लयीत फिरतं. पुलीच्या हिशेबाने अल्टरनेटर त्याच्या अडीच-तीन पट वेगाने फिरतो आणि पूर्ण क्षमतेने वीज देतो. ९० अँपिअरच्या अल्टरनेटरमधून गाडीची गरज भागवून, या संसारासाठी मागे बसवलेल्या दुसऱ्या बॅटरीला ३० अँपिअर द्यायला हरकत नसते. पावणेदोन तासांत ५० अँपिअर-तासांहून अधिक भर पडते. बारा व्होल्टचा छोटा कॉम्प्रेसर फ्रीज पाचेक अँपिअर घेतो; तो निम्मा वेळ चालला तरी दिवसाला ६० लागतात. म्हणजे बडनेऱ्याहून निघून अकोल्यात पोहोचेपर्यंत फ्रीजच्या जवळजवळ दिवसभराच्या थंडाव्याची सोय होते. मिक्सरचं गणित वेगळं: इन्व्हर्टरवरचा ७५० वॉटचा मिक्सर एका क्षणाला ७० अँपिअरच्या घरात ओढतो. चटणी दोन मिनिटांची असते म्हणून निभतं.

घात होतो तो गाडी उभी राहिल्यावर. मूर्तिजापूरला चहासाठी थांबून इंजिन नुसतं घरघरत ठेवलं, तर अल्टरनेटरची वीज निम्म्यावर किंवा त्याहून खाली येते. शिवाय त्याला गार ठेवणारा पंखा त्याच दांड्यावर असतो, त्यामुळे वाराही कमी होतो. उष्णतेने तांब्याचा रोध दर दहा अंशांना चारेक टक्क्यांनी वाढतो, आणि मे २०२४मध्ये उन्हापायी जमावबंदी लावावी लागलेल्या अकोल्यात ही काही पुस्तकी बाब नाही. त्यात मागे लिथियम बॅटरी थेट जोडलेली असली तर ती मिळेल तेवढा प्रवाह गटागटा पिते. तारांचं वार्निश जळाल्याचा वास येतो तो अशा वेळी.

तारेवर पैसे वाचवणंही अंगाशी येतं. मागच्या बॅटरीपर्यंत जाऊन-येऊन दहा मीटर तार धरा. ती अडीच चौरस मिलिमीटरची असेल तर ३० अँपिअरला दोन व्होल्ट तारेतच मुरतात. १४चे १२ होतात आणि बॅटरी भरतच नाही. सोळा चौरस मिलिमीटरच्या तारेत हीच तूट व्होल्टच्या तिसऱ्या हिश्शावर येते.

बीएस-६ आल्यावर आणखी एक गंमत झाली. अनेक नव्या गाड्यांचा संगणक इंधन वाचवायला अल्टरनेटरचा दाब मुद्दाम उतरवतो. दोन्ही बॅटऱ्या जोडणारा जुना साधा रिले त्यामुळे गोंधळतो. मध्ये डीसी-डीसी चार्जर बसवला की तो दाब हवा तसा उचलतो आणि प्रवाहाला लगामही घालतो.

हाच संगणक उतारावर मात्र उदार होतो. चिखलदऱ्याहून परतवाड्याकडे गाडी गिअरमध्ये उतरताना पाय अॅक्सिलरेटरवरून निघतो, डिझेल तुटतं आणि गाडीचं वजनच अल्टरनेटर फिरवतं. एवढ्यापुरती वीज खरोखर फुकट! तीन टनांची व्हॅन सहाशे मीटर उतरली तर सुमारे पाच युनिट ऊर्जा सुटते. ३० अँपिअरचा चार्जर अर्ध्या तासात त्यातलं पाव युनिटही टिपत नाही. बाकीची ब्रेक तापवण्यात आणि इंजिनात हवा दाबण्यात जाते.