मांडीतलं बळ



लागणीच्या नोंदीला फिरताना हडपसरचे जुने बागाईतदार ओट्यावर बसलेले भेटतात. एके काळी मुठा कालव्याच्या पाण्याची रात्रपाळी धरणारी ही माणसं. मळ्यांत इमारती उठल्या. आता हे उठताना खांब धरतात. "वय झालं, साहेब."

वयाने स्नायू झडतात हे खरेच. पण १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात सरासरी नव्वदीच्या अशक्त वृद्धांकडून आठ आठवडे पायांनी वजन उचलून घेतले, तर ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली!

आणि "माझं वजन आहे तेवढंच आहे" यावर विसंबू नका. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची व इंग्लंडच्या डॉ. युडकिन यांची तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन दोघांचे सारखेच. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. काटा एकच, उतारा निराळा!

माझे वडील खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन आठवडे पडून होते. "उठू नका" असं आम्हीच बजावत होतो, चूक आमचीच. मांडी मनगटाएवढी झाली. मग व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी डॉक्टरांना विचारून खुर्चीतून उठबस सुरू केली. आधी हाताच्या आधाराने पाच वेळा, पुढे बिनआधाराची दहा. ताटात डाळ, दूध, अंडी वाढवली. बाबा रोज कुरकुरत.

चौथ्या महिन्यात काठी टेकत बांधावर आले, आणि सरी वाकडी पडली म्हणून मलाच बोलले.