हरबाचा वन बीएचके

लीड्सच्या गारठ्यात कासवासाठी घर बांधायचं, तर नुसत्या भिंती उभ्या करून भागत नाही, ऊन साठवावं लागतं. हा साधा फंडा कळायला मला हरबाचं एक आजारपण लागलं!

“स्वतः घरात दोन-दोन स्वेटर घालून बसतेस आणि कासवाला हीटर?”

व्हिडिओ कॉलवर आईचा चेहरा बघण्यासारखा होता. मी फोन खिडकीकडे वळवला. बाहेर एप्रिलचं मळभ, अंगणात बुटकी पारदर्शक पेटी, पेटीत पिवळा दिवा आणि दिव्याखाली पाय ताणून पसरलेले आमचे हरबा.

आई गप्प झाली. मग म्हणाली, “मजा आहे बाई एकेकाची.”

तर मंडळी, मी मूळची कोथरूडची. सहा वर्षांपूर्वी कंपनीनं ‘फक्त सहा महिन्यांसाठी’ लीड्सला पाठवलं. आयटीतले सहा महिने किती महिन्यांचे असतात, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. इथे आल्यावर पहिल्यांदा बोलल्या त्या शेजारच्या आजीबाई. चार वर्षांपूर्वी मार्चमध्ये त्या वृद्धाश्रमात जायला निघाल्या तेव्हा एक खोकं घेऊन माझ्या दारात उभ्या राहिल्या. खोक्यात होता हर्बर्ट. हर्मन जातीचं, जमिनीवर राहणारं कासव. मुलाच्या वाढदिवसाला १९७०च्या दशकात आणलेलं. मुलगा मोठा होऊन ऑस्ट्रेलियाला गेला, हर्बर्ट मात्र अंगणातच राहिला.

मी हो म्हणून बसले! हर्बर्टचा हरबा व्हायला आठवडासुद्धा लागला नाही.

सुंदर घर, चुकीचं घर

आजीबाईंच्या अंगणात काचेचं एक मोडकळीला आलेलं ग्रीनहाऊस होतं. दोन काचा तडकलेल्या, आत रिकाम्या कुंड्या. हरबा तिथेच झोपायचा म्हणे. मला ते पाहून वाईट वाटलं. बिचाऱ्याला काय त्या अडगळीत ठेवायचं! मी लगेच पेट शॉपमधून सशासाठी असतं तसं लाकडी घर आणलं. उतरतं छप्पर, छोटा दरवाजा, आत गवत. फोटो टाकल्यावर ऑफिसमधल्या सगळ्यांनी ‘सो क्यूट’ लिहिलं. शेजारच्या नव्या मालकांनी ग्रीनहाऊस मोडीत काढलं तेव्हा मी त्यांना मदतही केली.

एप्रिलमध्ये आठ-नऊ दिवस रिपरिप लागली. दुपारचं तापमान ११-१२ अंश. हरबा घराच्या कोपऱ्यात बसून राहिला. खाणं थांबलं. मला वाटलं, कासवच ते, आळशी असणारच. मग एके सकाळी त्याच्या नाकातून बुडबुडे येताना दिसले. मान ताणून, तोंड उघडून तो श्वास घेत होता.

व्हेटनं इंजेक्शनं सुरू केली आणि मला एकच प्रश्न विचारला, “दिवसा त्याचं अंग किती गरम होतं?”

मला हवेचं तापमान माहीत होतं. हरबाचं? काहीच कल्पना नव्हती.

कासव स्वतःची ऊब स्वतः तयार करत नाही. बाहेरून मिळेल तेवढीच. हर्मन कासवाला अन्न पचवायला, आजाराशी लढायला दिवसाचे काही तास अंग तिशीच्या वर न्यावं लागतं. चार-पाच अंशांत ते शांत झोपून जातं, शरीराचा सगळा कारभार जवळजवळ बंद. पण बारा अंशांत धड झोपही नाही आणि धड जागही नाही. पोटातलं पचत नाही, प्रतिकारशक्ती काम करत नाही, त्यात ओल. म्हणजे थंडीपेक्षा ही अर्धवट ऊब वाईट. आणि इंग्लंडचा एप्रिल म्हणजे अर्धवट उबेचा महिना!

आता कळलं, आजीबाईंची अडगळ हेच हरबाचं खरं घर होतं. काचेमुळे आत ऊन साठायचं. ५० वर्षं त्याला त्या काचांनी जगवलं होतं आणि मी त्याला लाकडाच्या अंधाऱ्या, गार डब्यात ठेवलं होतं.

हॉल : ऊन साठवणारी पेटी

तीन आठवड्यांनी हरबा खायला लागला आणि मी स्क्रू ड्रायव्हर हातात घेतला.

इंग्रज माळी रोपं वाढवायला कोल्ड फ्रेम वापरतात. जमिनीवर ठेवलेली बुटकी पेटी, वर तिरकं पारदर्शक झाकण. ग्रीनहाऊसची धाकटी बहीणच म्हणा. मी सहा फूट बाय चार फुटांची केली, दुहेरी थराच्या पॉलिकार्बोनेटची. तोंड दक्षिणेला, कारण इतक्या उत्तरेला सूर्य दिवसभर दक्षिणेच्या अंगानंच फिरतो. ऊन पडलं की बाहेर ११ अंश असताना पेटीत २७! पहिल्यांदा आकडा पाहिला तेव्हा थर्मामीटर बिघडलाय असंच वाटलं.

पण ऊन नसेल तर? लीड्समध्ये हा प्रश्न रोजचाच. त्यासाठी एका कोपऱ्यात बास्किंग लॅम्प. त्याच्या खाली ३० ते ३५ अंश, दुसऱ्या टोकाला गार. कुठे बसायचं ते हरबा ठरवतो.

उलटा धोकाही आहे. जुलैत कडक ऊन पडलं तर बंद पेटीची भट्टी होते, आणि कासव त्यात तासाभरात दगावू शकतं. म्हणून झाकणाला आपोआप उघडणारा दांडा लावलाय. त्याच्या नळीत मेण असतं. गरम झालं की ते फुगतं आणि झाकण उचलतं, गार झालं की झाकण खाली. वीज नाही, ॲप नाही. मी मीटिंगमध्ये अडकलेली असताना माझ्यापेक्षा जास्त जबाबदारीनं वागणारी ही एकच वस्तू!

बेडरूम : कोरडी हवी

पेटीच्या मागच्या बाजूला रात्रीची खोली. जाड प्लायवूड, मध्ये थर्मोकोलचा थर, वर पाणी न झिरपणारं छप्पर, जमिनीपासून चार इंच उंच. आत कोरडी माती आणि छताला सिरॅमिक हीटर. तो उजेड देत नाही, नुसती ऊब देतो. थर्मोस्टॅट १२ अंशांवर. दिवसा अंग नीट तापलं असेल तर रात्रीचा गारवा चालतो, ओल मात्र अजिबात चालत नाही. बाहेरचं वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घेतलं. पाऊस आणि वीज यांच्याशी ‘जुगाड’ नको, हे आपल्याला पुण्याच्या पावसाळ्यानं शिकवलंय.

गार्डन : काचेतून न येणारं ऊन

एवढं झाल्यावर हरबानं कायम पेटीतच राहावं की! नाही. काच आणि साधं पॉलिकार्बोनेट उष्णता आत धरून ठेवतात, पण उन्हातले यूव्हीबी किरण अडवतात. हे किरण मिळाले नाहीत तर शरीरात ड जीवनसत्त्व तयार होत नाही, कॅल्शियम अंगी लागत नाही आणि कवच मऊ पडतं. म्हणून पेटीला दार आणि दाराबाहेर अंगण. सकाळी पेटीत गरम व्हायचं, मग मोकळ्या उन्हात फिरायचं, ढग आले की परत आत. हरबा हे स्वतःच करतो.

अंगणाची भिंत आरपार दिसणारी नको. जाळी लावली तर पलीकडचं दिसतं आणि कासव दिवसभर तिथेच डोकं घासत बसतं. लाकडी फळ्या, त्याही जमिनीत फूटभर गाडलेल्या, कारण हा गडी खणतो. कोपऱ्यांवर आडव्या पट्ट्या, कारण हा गडी चढतोसुद्धा! रात्री सगळं बंद. शहरातले कोल्हे आणि उंदीर ही इथली खरी भीती.

एक उतरती बाजू वाळू-मातीची, म्हणजे पाणी साचत नाही. बाकी रान. डँडेलियन, प्लँटेन, क्लोव्हर हे लोक उपटून टाकतात ते हरबाचं जेवण. डॅफोडिल, फॉक्सग्लोव्ह, ऱ्होडोडेंड्रॉन ही विषारी मंडळी हद्दपार. आणि हो, फळं नाहीत. आईनं ‘केळं देत जा गं’ म्हणून सांगितलंय, पण ते मी तिच्यासमोर फक्त ‘हो’ म्हणते.

हरबाच्या आधीचे

गिल्बर्ट व्हाइट नावाच्या पाद्रीबाबांना १७८० मध्ये मावशीकडून असंच वारशानं कासव मिळालं होतं. नाव टिमोथी. दक्षिण इंग्लंडमधल्या सेलबोर्न गावात ते त्याच्या बारीकसारीक सवयी टिपत बसायचे. कोवळ्या उन्हात टिमोथी भिंतीला टेकून कवच तिरकं करायचा, म्हणजे पाठीवर जास्त ऊन पडतं. माझ्या पेटीचं झाकण तिरकं आहे ते त्याच कारणानं! त्यांच्या नोंदींचं पुस्तक १७८९ मध्ये आलं. टिमोथीचं कवच आज लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहे आणि तो ‘ती’ होती, हे नंतर कळलं.

सगळ्यांचं नशीब टिमोथीसारखं नव्हतं. विसाव्या शतकात भूमध्य समुद्राकडची कासवं ब्रिटनमध्ये प्रचंड संख्येनं आली आणि खेळण्यासारखी विकली गेली. कितीतरी पहिल्याच हिवाळ्यात गेली. १९८४ मध्ये ही व्यापारी आयात बंद झाली. आता हर्मन कासव विकायचं तर सरकारी सर्टिफिकेट लागतं. हरबा त्या बोटींतून आलेल्यांपैकी. वाचलेल्यांपैकी.

हिवाळ्यात मुक्काम फ्रीजमध्ये

डिसेंबरमध्ये लीड्सला पावणेचारला सूर्य मावळतो. तेव्हा कुठलीच पेटी पुरत नाही. मग शीतनिद्रा, आणि तीही फ्रीजमध्ये! हसू नका. बागेतलं तापमान कधी शून्याखाली जातं, कधी दहाच्या वर. शून्याखाली गेलं तर डोळे जाऊ शकतात, दहाच्या वर गेलं तर झोपमोड. फ्रीज मात्र पाच अंशांवर स्थिर राहतो.

आधी तीन आठवडे उपास आणि कोमट पाण्यात आंघोळी, म्हणजे पोट रिकामं होतं आणि पाणी अंगात मुरतं. मग भोकं पाडलेल्या डब्यात माती, मातीत हरबा. वेगळा छोटा फ्रीज घेतलाय, नाहीतर पाहुणे चटणी शोधायला जायचे. रोज दार उघडून हवा द्यायची, आठवड्याला वजन करायचं. एकूण वजन दहा टक्क्यांपर्यंत घटलं, की झोप संपली. साधारण दहा-अकरा आठवड्यांनी मी त्याला उठवते. थेट दिव्याखाली, कोमट आंघोळ, पाणी. अर्धवट उबेत एक दिवसही नाही.

‘कासवामुळे?’

खरी गोष्ट आता सांगते. गेल्या महिन्यात मॅनेजरनं विचारलं, पुण्यात चांगली पोस्ट आहे, कधी येतेस? चार वर्षांपूर्वी मी त्याच रात्री बॅग भरली असती. आईबाबा थकलेत. मला जायचंय.

हरबाला नेता येणार नाही. कागदपत्रांचं सोडा, पुण्यात त्याला झोपायला धड हिवाळा नाही आणि चार महिने दमट पावसाळा. त्याचं वय ५०च्या वर, अजून कितीतरी वर्षं सहज जगेल. आजीबाईंच्या पाठोपाठ मी, माझ्या पाठोपाठ आणखी कोणी.

ते कोणी मिळालंय. ऑफिसमधल्या मैत्रिणीचं कुटुंब, दक्षिणेला तोंड असलेलं अंगण, नऊ वर्षांची मुलगी. ती दर शनिवारी येते आणि वहीत हरबाचं वजन लिहिते. मी मॅनेजरला सांगितलं, पुढच्या मे महिन्यात येते. तोपर्यंत उपास, फ्रीज, उठवणं आणि तो एप्रिल, सगळं एकदा तिच्या डोळ्यांसमोर व्हायला हवं.

तो म्हणाला, “कासवामुळे?”

“हो.”

पोस्ट तोवर थांबेलच असं नाही, असंही तो म्हणाला. ठीक आहे.

आपल्याकडे म्हणतात, कासवी नुसत्या नजरेनं पिल्लं वाढवते. प्रत्यक्षात ती अंडी घालून निघून जाते. पण कासव नजरेनंच सांभाळावं लागतं, एवढं मात्र खरं. ते ओरडत नाही, शेपूट हलवत नाही. त्याला गार वाटतंय हे आपल्यालाच दिसावं लागतं. परवा ती मुलगी पेटीत डोकावून म्हणाली, “आज तो दिव्याकडे गेलाच नाही. असं का?”

दिवा गेला होता. मला दिसलं नव्हतं. तिला दिसलं.

तुमच्या बाल्कनीसाठी नाही हं!

• वाचून कासव आणायचा विचार असेल तर थांबा. भारतातली स्टार कासवं घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. ‘लकी’ म्हणून कोणी दिलं तरीही.

• स्टार कासव शीतनिद्रा घेत नाही. त्याला फ्रीजमध्ये ठेवणं म्हणजे मारणं.

• परदेशात असाल आणि असं कासव सांभाळायला मिळालं, तर आधी जात ओळखा, मग घर बांधा. आणि हवेचं नाही, कासव बसतं त्या जागेचं तापमान मोजा.